रंग वाळेपर्यंत

मिस्त्री : ओ ताई! शटरला हात नाही लावायचा!

मुलगी : अहो, एवढंसं वर करतेय. वाकून निघून जाते.

मिस्त्री : तुम्ही वाकून जाल हो, पण धूळ ताठ मानेनं आत येईल. ती लाल गाडी बघा. आत्ता शेवटचा हात मारलाय तिच्यावर. जवळ जाऊन शिंकलात तरी कायमची खूण राहील. रंग धरेपर्यंत इथून कोणी बाहेर नाही, बाहेरून कोणी आत नाही.

मुलगी : आणि धरणार कधी तो?

मिस्त्री : त्याच्या मनात येईल तेव्हा. हवा दमट आहे आज.

मुलगी : बाबा, ऐकताय ना? कोंडलंय आपल्याला.

वडील : ऐकतोय. त्या पालथ्या डब्यावर बस शांतपणे. पंखा चालू आहे, जीव काही जात नाही.

मुलगी : तुम्ही म्हणालात, पाच मिनिटांचं काम आहे. नुसतं मटेरियल पसंत करायचं. मला वाटलं, पडद्याचं कापड बघतात तसं बघू नि निघू. पोरं शाळेतून येतील, दाराशी उभी राहतील माझ्या नावानं शंख करत.

वडील : पडद्याचंच काम आहे. गाडीला खालून झालर लावायची.

मिस्त्री : झालर! साहेब, बॉडी किट म्हणतात त्याला. माझ्या धंद्याची अब्रू काढू नका. पुढच्या बंपरखाली एक ओठ येतो, दोन्ही बाजूंना दारांखाली स्कर्ट येतात, मागे एक...

मुलगी : ओठ काय, स्कर्ट काय! बाबा, या वयात? बिल्डिंगमधली पोरं हसतील.

वडील : हसू देत. लिफ्टमध्ये मी दिसलो की हल्ली मोबाइलमध्ये डोकं घालतात. हसण्यासाठी तरी वर बघतील.

मिस्त्री : ताई, तुमचे वडील म्हणजे काय चीज आहे, ठाऊक आहे का तुम्हाला? विम्याचे सर्व्हेअर! यांची स्कूटर गल्लीत शिरली की आमचे उस्ताद हातातला चहा खाली ठेवायचे. ठोकलेली गाडी नुसती लांबून बघायचे आणि म्हणायचे, हा पोचा या महिन्यातला, हा गेल्या वर्षीचा, आणि हा तुम्हीच काल हातोड्यानं घातलेला.

वडील : घातलेला असायचाच.

मिस्त्री : असायचाच! म्हणून तर चहा खाली ठेवायचे. आता बघा, तेच साहेब माझ्याकडे गिऱ्हाईक होऊन आलेत. असो. नमुने दाखवतो. हे घ्या, हे फायबर.

वडील : द्या.

मिस्त्री : घ्या ना.

वडील : अहो, द्या तर खरं.

मिस्त्री : हे काय, तुमच्या डाव्या हाताशी धरून उभा आहे केव्हाचा.

मुलगी : आणा, माझ्याकडे द्या. बाबा, हे घ्या. लक्ष नव्हतं त्यांचं.

वडील : त्या लाल गाडीकडे बघत होतो. पाणी मारल्यासारखी चमकतेय.

मिस्त्री : बघा, बघा. बघायला कोणाची ना नाही. तर हे फायबर. काचेच्या धाग्याचं कापड असतं, साच्यात घालायचं, वरून रेझिन ओतायचं. एकावर एक थर. वाळलं की हाडासारखं कडक. दिसायला देखणं, पण स्वभावानं तापट. लागलं की तडकलंच. दुसरं हे, पीयू. रबराच्या जातीचं. वाकवा. अजून वाकवा ताई, घाबरू नका. सोडा आता. आलं का परत जागेवर? हे मार खाऊन घेतं नि गप्प बसतं. तिसरं एबीएस, कंपनीच्या बंपरसारखं प्लास्टिक. ना फार तापट, ना फार गरीब. आणि ते वर टांगलंय ते कार्बन, त्याच्याकडे नुसतं बघायचं.

वडील : जरा गप्प बसा. वाजवू द्या.

मुलगी : काय करताय बाबा? दार ठोठावल्यासारखं?

वडील : ऐक. हे पीयू. ऐकू आलं काही?

मुलगी : नाही.

वडील : आणि हे फायबर.

मुलगी : हे वाजतं. मग? घंटा बांधायचीय का गाडीला?

वडील : खरं बोलणारी वस्तू आहे ही. लागलं तर लागलं म्हणते. मिस्त्री, याचा साचा बघायला मिळेल? आमच्या गाडीचा आहे ना तयार?

मिस्त्री : मागच्या खोलीत भिंतीला उभा केलाय. जाऊन बघा. पायरी आहे तिथे, जरा बेतानं. पायरी डावीकडे आहे साहेब.

मुलगी : बाबा, मी येते हात धरायला.

वडील : बस तिथेच. साचा बघायला चाललोय, समुद्र ओलांडायला नाही.

मुलगी : ...गेले? मिस्त्री, इकडे या जरा. हळू बोला. मला एक सांगा, हे पुढचं जे ओठ की काय, ते किती खाली आणता येतं?

मिस्त्री : खाली? लोक विचारतात, किती वर ठेवता येईल. तुम्ही ताई उलट्या गिऱ्हाईक आहात.

मुलगी : आमचं पार्किंग तळघरात आहे. वर यायला रॅम्प आहे आणि रॅम्प संपतो तिथे असा उंचवटा, पाणी आत येऊ नये म्हणून. नुसती गाडीसुद्धा कशीबशी निघते. तिथे अडकेल इतकं खाली आणायचं. आणि तापट म्हणालात ना, ते घालायचं. म्हणजे बाहेर काढायला गेले की तडकेल, हे कळलं की ते काढणारच नाहीत. जिवापाड जपतात गाडीला.

मिस्त्री : म्हणजे गाडीला वेसण घालायची.

मुलगी : त्यांना दिसत नाही हो डावीकडचं! मघाशी बघितलंत ना तुम्ही. जेवताना डाव्या हाताशी ठेवलेला पाण्याचा पेला सारखा लवंडायचा. एकदा झालं, दोनदा झालं, मग मी गुपचूप पेला उजवीकडे ठेवायला लागले. तेव्हापासून एक थेंब सांडला नाही. आणि हे रोज किल्ली बोटाला फिरवत खाली जातात. खिडकीत उभी राहून मी गेटकडे बघत असते, येईपर्यंत. पोळी करपते तव्यावर.

मिस्त्री : मग सांगून टाका ना सरळ. बाबा, किल्ली द्या.

मुलगी : तुम्ही सांगाल तुमच्या वडिलांना?

मिस्त्री : माझे वडील असते तर पान्हा फेकून मारला असता.

मुलगी : हे काहीच फेकणार नाहीत. हो म्हणतील नि किल्ली टेबलावर ठेवतील. आणि मग दिवसभर हॉलमध्ये माझ्यासमोर बसून राहतील. ते मला बघवणार नाही. त्यापेक्षा त्या किटनं सांगावं.

मिस्त्री : तुमचा बेत बरा आहे, पण एक हिशोब चुकलाय.

मुलगी : काय?

मिस्त्री : जी गाडी त्या उंचवट्यावरून बाहेर येणार नाही, ती आत तरी कशी जाईल? मी किट बसवून दिलं की ती तुमच्या गेटाबाहेर उभी राहील, येणाऱ्याजाणाऱ्याला नमस्कार करत.

मुलगी : अगं बाई.

मिस्त्री : हसू नका, तुमचा फोन वाजतोय. इथे आवाज फुटतो, त्या काचेच्या केबिनमध्ये जा. दार घट्ट लावा, वास जाईल आत.

(ती केबिनमध्ये जाते. काचेपलीकडे तिचे हात हलताना दिसतात, आवाज येत नाही.)

वडील : ही कुठे गेली?

मिस्त्री : केबिनमध्ये. फोन आलाय.

वडील : जावईबापूंचा असेल. रुमाल कुठे ठेवलाय ते विचारत असतील. बरं झालं. मिस्त्री, आता आपण धंद्याचं बोलू. साचा चांगला आहे. फायबर घाला. स्कर्ट डावीकडे जरा बाहेर काढता येईल? चारेक बोटं?

मिस्त्री : एकाच बाजूला? साहेब, गाडी आहे ती. एका अंगानं सुजल्यासारखी दिसेल.

वडील : मग दोन्हीकडे काढा.

मिस्त्री : काका, खरं बोलू? रागावू नका. मघाशी गाडी आत घेतली तेव्हा मी फेरी मारली तिच्याभोवती. सवयच आहे. पुढचा बंपर, डावा कोपरा. खालची पट्टी, डावी. मागचं दार, डावं. आरशाच्या पाठीवर ओरखडा, तोही डावाच.

वडील : पार्किंगमध्ये कोणीतरी घासून जातो.

मिस्त्री : कोणीतरी नेमका डावीकडूनच येतो होय? तुमच्यासमोर आमचे उस्ताद हेच बोलायचे. कोणीतरी घासून गेला साहेब. आणि तुम्ही चष्मा पुसायला घ्यायचात. त्यांना घाम फुटायचा.

वडील : वाईट सवय होती ती माझी.

मिस्त्री : किट काय झाकायला हवंय का तुम्हाला?

वडील : झाकेल तेही. पण मुख्य ते नाही. मांजराच्या मिश्या बघितल्यायत? अंधारात भोकात डोकं घालायच्या आधी मिश्या लावून बघतं. तसं. गाडीच्या आधी किट लागेल. पीयू लागलं तर मुकाट्यानं वाकेल, मला कळायचं नाही. फायबर टक्क करेल. टक्क झालं की मी थांबलो. डोळ्याचं काम कानाला दिलं, एवढंच.

मिस्त्री : डॉक्टरला दाखवलं?

वडील : दाखवलं. तो म्हणाला, गेलं ते परत येत नाही, उरलंय ते थेंब टाकून सांभाळा. थेंब मी गाडीतच ठेवतो. घरी कोणाला माहीत नाही, आणि ते तसंच राहायला हवं.

मिस्त्री : घरी कोणाला माहीत नाही?

वडील : कोणाला नाही. कळलं तर किल्ली जाईल. किल्ली गेली की दुसऱ्या दिवशी गाडी जाईल. जावयानं गिऱ्हाईक बघून ठेवलंय. हॉलमध्ये झोपणाऱ्या माणसाला स्वयंपाकघरातलं सगळं ऐकू येतं, हे त्या घरात अजून कोणाच्या ध्यानात आलेलं नाही.

मिस्त्री : काका, एक विचारतो. टक्क आवाज येईपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. भिंत असेल तर ठीक आहे. भिंत नसली तर? म्हणजे, मी अडाणी माणूस, मला...

वडील : अडाणी नाही तुम्ही. बसा गप्प. ती येतेय.

मुलगी : काय ठरलं? धरला का रंग?

मिस्त्री : रंगाचं सोडा. ताई, तुम्हीही ऐका, साहेब तुम्हीही. मी म्हणतो, पीयू घ्या. वाकतं, परत येतं. तडकायची भीती नाही. उंची कंपनीची आहे तेवढीच ठेवू. कुठे अडणार नाही, कुठे वाजणार नाही. माझं ऐका.

वडील : नको, फायबरच.

मुलगी : पीयू नको. फायबरच घाला.

मिस्त्री : वा! एका सुरात! घरी टीव्हीवर काय लावायचं हे तरी असं ठरतं का तुमचं?

वडील : थांबा जरा. तू का ग फायबर म्हणालीस?

मुलगी : तुम्हाला आवडलंय म्हणून.

वडील : गेली कित्येक वर्षं मला काय आवडतं ते तू विचारत नाहीस, आणि आज फायबर?

मुलगी : असं काय बोलता बाबा. स्वस्त असेल, दिसायला बरं आहे...

वडील : डोळ्यांत बघ माझ्या. जन्मभर मी एकच काम केलं. समोरच्याला नुकसान टाळायचंय की व्हायला हवंय, ते ओळखायचं. ज्याची गाडी खरंच ठोकलेली असते तो मला सोडून गाडीकडे बघत बसतो. ज्यानं ठोकून घेतलेली असते तो गाडीकडे बघतच नाही, माझ्या तोंडाकडे बघतो. तू मघापासून या मिस्त्रीच्या तोंडाकडे बघतेयस.

मिस्त्री : मला मधे घेऊ नका हां. तो रंग ओला नसता तर मीच पळालो असतो.

वडील : मोडायलाच हवंय ना तुला ते?

मुलगी : मोडायला नको आहे! तुम्ही ती बाहेर न्यायला नको आहे! झालं? रॅम्पवर अडेल इतकं खाली करायला सांगितलं मी यांना. वर काढायला गेलात की तडकेल, म्हणजे काढणार नाही तुम्ही. बोलले. संपलं.

वडील : कधीपासून माहीत आहे?

मुलगी : तुमचा पेला उजवीकडे आला तेव्हापासून.

वडील : पेला? अरेच्चा. मला वाटलं, टेबलाची रचना बदललीस.

मुलगी : रचना बदललीच होती. थाळीच्या डावीकडे मी काही ठेवतच नाही. तुमची चप्पल उजव्या अंगाला सरकवून ठेवते. पोरांना सांगितलंय, आजोबांच्या डाव्या बाजूनं पळायचं नाही. ती म्हणतात हा खेळ आहे.

वडील : आणि मी सर्व्हेअर म्हणवतो स्वतःला. माझ्या नाकाखाली एवढं सगळं हललं नि मला पत्ता नाही.

मुलगी : नाकाखाली नव्हतं बाबा. डावीकडे होतं.

मिस्त्री : मी चहा ठेवतो. बिनदुधाचा चालेल ना? दूध शटरच्या पलीकडे आहे.

वडील : काहीही ठेवा. ये, बस इथे. उजवीकडे बस. तुला वाटतं मी कुठे जात असेन गाडी घेऊन?

मुलगी : मित्रांकडे. तुम्हीच सांगता.

वडील : मित्र राहिलेत किती? जे आहेत ते फोनवर स्वतःच्या गोळ्यांची नावं सांगतात. मी नदीच्या बाजूला जातो, गाडी लावतो, काचा वर करतो. बसतो. बस. परत येतो. कितीदा तर वरही काढत नाही. खाली पार्किंगमध्येच बसतो, इंजिन न लावता.

मुलगी : तळघरात? त्या कोंदट अंधारात? कशासाठी?

वडील : दार लावता येतं म्हणून.

मुलगी : म्हणजे?

वडील : तुझ्या घरात माझ्या नावचं दार कुठलं, सांग बघू. हॉलला दार नाही. तुमची मालिका संपली की माझी खोली सुरू होते. सकाळी पोरांचे मोजे शोधायची धावपळ सुरू झाली की संपते. मी गादीची घडी घालून सोफ्याच्या पोटात ढकलतो, मग तिथे कोणी झोपलं होतं हेही कळत नाही. तक्रार नाही ही. तू करतेस ते पुष्कळ आहे. फक्त त्या गाडीचं दार मी लावलं की ते माझ्याशिवाय कोणी उघडत नाही. जन्मभर लोकांच्या गाड्यांत डोकं घालून बघितलं, आता स्वतःच्या गाडीत नुसतं बसावंसं वाटतं.

मुलगी : हे मला बोलला असतात तर...

वडील : तर तू तुमची खोली मला दिली असतीस आणि तुम्ही दोघं हॉलमध्ये. मग जावईबापू मला बघून मोबाइलमध्ये डोकं घालायला लागले असते.

मुलगी : ते तसे नाहीत.

वडील : तसा कोणीच नसतो ग. दमट हवेत लाकूड फुगतं, तसं घर लहान झालं की माणसं फुगतात.

मुलगी : तुम्हाला वाटतं, त्या घरात तुम्ही एकटेच अडकलाय?

वडील : तुला काय झालं?

मुलगी : मी रात्री कचरा टाकायला खाली जाते ना, इतका वेळ का लागतो म्हणून सगळे विचारतात. मी म्हणते, लिफ्ट येत नव्हती. लिफ्ट येते बाबा. मी जिन्यात बसते. पायरीवर. तिथला दिवा आपोआप विझतो, हात हलवला की परत लागतो. मी हात हलवत नाही. काही झालेलं नाही मला. मारहाण नाही, भांडण नाही. नुसतं कोणी हाक मारू नये असं वाटतं थोडा वेळ. दारं आहेत घरात, पण प्रत्येक दारामागून आई म्हणून, अगं म्हणून, कोणी ना कोणी हाक मारतंच.

वडील : आणि मी "चहा झाला का ग" म्हणून.

मुलगी : तुम्ही "चहा झाला का ग" म्हणून.

मिस्त्री : चहा झाला. पेले धुतलेले आहेत, रेझिनचे नाहीत. साहेब, पेला उजवीकडे ठेवलाय.

वडील : शिकलात लगेच.

मिस्त्री : तुमच्याकडून शिकायला उस्तादांच्या दोन बुटांच्या टाचा झिजल्या, मला एक दुपार पुरली.

वडील : मिस्त्री, मघाशी तुम्ही विचारलंत, भिंत नसली तर. त्याचं उत्तर द्यायचं राहिलं. ऐक तूही. परवा बाजारच्या वळणावर माझा डावा आरसा एका सायकलवाल्याच्या हाताला लागला.

मुलगी : बाबा!

वडील : पडला नाही तो. शिवी दिली नि गेला. सणसणीत दिली. मी शिवी ऐकली, माणूस मला दिसलाच नाही. कुठून आला, किती वयाचा होता, मागे कोणी पोर बसलेलं होतं का, काही नाही. नुसता आवाज. घरी आलो आणि खाली गाडीतच बसलो. तुला म्हणालो, मित्राकडे उशीर झाला.

मुलगी : तरी आज इथे येताना तुम्ही चालवलीत! मला शेजारी बसवून!

वडील : तू डावीकडे बसली होतीस. मला वाटलं, आहे की त्या बाजूला कोणीतरी बघायला.

मुलगी : मी डोळे मिटून बसले होते बाबा. पूर्ण रस्ता.

मिस्त्री : म्हणजे गाडी काय देवाच्या भरवशावर आली की काय माझ्या दारात!

वडील : ही घ्या किल्ली.

मिस्त्री : माझ्याकडे कशाला?

वडील : आज गाडी घरी तुम्ही न्यायची. आम्ही मागे बसून येऊ. आता माझी ऑर्डर ऐका. फायबर. पुढचा ओठ आणि बाजूचे स्कर्ट जमिनीपासून बोटभर वर, बस्स.

मिस्त्री : काका, रॅम्पवरून...

वडील : ऐका. इथे बसवायचंच नाही. सगळं तयार करून आमच्या तळघरात आणायचं, गाडी तिच्या जागेवर उभी असेल, तिथे खाली झोपून बसवायचं. नुसतं चिकटवायचं नाही, स्क्रूही मारायचे. भरपूर भोकं पाडा. सर्व्हेअर म्हणून सांगतो, भोकं पाडलेल्या गाडीला गिऱ्हाईक मिळत नाही.

मिस्त्री : अहो, मग ती गाडी परत कधी बाहेर निघायची नाही! याला किट म्हणत नाहीत. कुंपण झालं हे.

वडील : कुंपण कशाला म्हणता? भिंती म्हणा.

मुलगी : बाबा, मला असं नको होतं.

वडील : तुला हेच हवं होतं. फक्त तुझ्या बेतात मी वर होतो आणि गाडी खाली. मी जरा दुरुस्ती केली.

मुलगी : ह्यांना काय सांगू मी? गाडी विकायची नाही, चालवायची नाही, आणि तळघरात नटवून ठेवायची?

वडील : सांग, म्हाताऱ्याला चळ लागलाय. लगेच पटेल.

मुलगी : आणि नदी? नदीकाठी जायचात तुम्ही.

वडील : नदीकडे काच वर करूनच बसायचो. डासांमुळे. पार्किंगमधल्या भिंतीला ओल आलीय, तिच्याकडे बघेन. पावसाळ्यात तर रुंदही होते ती.

मिस्त्री : रंग कुठला मारू किटला?

वडील : तुम्हाला आवडेल तो. डावीकडे हलका मारलात तरी चालेल, मी काही बघायला येणार नाही.

मिस्त्री : आता तुमच्या कामात हलका हात मारला तर उस्ताद वरून पान्हा फेकतील. थांबा, तो लाल बघून येतो... हं. बोटाला येत नाही. धरला. ताई, उघडू शटर?

मुलगी : थोडं थांबा.

मिस्त्री : अहो, मघाशी तर वाकून पळणार होतात. पोरं दाराशी उभी असतील ना?

मुलगी : शेजारच्या काकूंना फोन केलाय. थोडा वेळ राहू दे बंद. चहा संपवते.

मिस्त्री : राहू दे तर राहू दे. माझं काय, आतलं काम कधी संपत नाही. मी मागे साच्याला मेण लावतो. निघताना हाक मारा.

वडील : गार झालाय तुझा चहा.

मुलगी : असू दे. बाबा...

वडील : बोल.

मुलगी : जिन्यात आता थंडी वाजते. मी कधी खाली आले तर बसू का तुमच्या गाडीत? बोलणार नाही काही.

वडील : डावीकडचं दार उघडं ठेवत जाईन.

मुलगी : आणि चहा झाला का म्हणून विचारायचं नाही.

वडील : नाही विचारणार. फक्त येताना तेवढं बोलत ये. त्या बाजूनं कोण आलं, ते मला कळत नाही.